घरच्या होम थिएटरवर 'संत तुकाराम' लावल्यावर घूंऽऽ आवाज येतो? मग विष्णुपंत दामल्यांची गोष्ट माहीत हवी

आषाढी वारीचे दिवस आले की बारामती आणि इंदापूरचं वातावरण बदलून जातं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामतीत मुक्काम करते, मग काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्यांचं रिंगण, पुढं निमगाव केतकी, इंदापूर आणि तिथून नीरेच्या काठावरचं सराटी. या दिवसांत घरात कुणीतरी हमखास टीव्हीवर 'संत तुकाराम' लावतं. १९३६ सालचा, प्रभात फिल्म कंपनीचा.

पूर्वी हा सिनेमा गावोगावच्या तंबूत दिसायचा. आता तो हॉलमध्ये, सबवूफर आणि पाच स्पीकरच्या होम थिएटरवर दिसतो. आणि इथंच गडबड होते. अभंग सुरू होण्याआधी खालून घूंऽऽ असं हमिंग येतं आणि वरून स्स्स् अशी हिस्स.

घरातला एक जण म्हणतो, होम थिएटर बिघडलं. दुसरा म्हणतो, सिनेमाच जुना आहे, असंच असणार. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. कुठला आवाज यंत्राचा आणि कुठला सिनेमाचा हे ओळखायची युक्ती आहे, ती शेवटी बघूच. पण हा नको असलेला आवाज शोधायचं काम महाराष्ट्रात ज्यांनी अगदी सुरुवातीला केलं त्यांच्यातलं एक मोठं नाव म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले. 'संत तुकाराम'च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक.

लोक त्यांना दिग्दर्शक म्हणून ओळखतात. पण त्याआधी ते प्रभातचे ध्वनिमुद्रक होते.

पेणचा मुलगा, कोल्हापूरचा कारागीर

दामल्यांचा जन्म १८९२ सालचा, रायगड जिल्ह्यातल्या पेणचा. तेव्हा हा जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. तरुणपणी ते कोल्हापूरला आले आणि आनंदराव व बाबुराव पेंटर या भावांच्या हाताखाली काम शिकू लागले. नाटकांचे पडदे रंगवणं हा पेंटर बंधूंचा व्यवसाय. पण १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांनाही सिनेमाचं वेड लागलं.

अडचण एकच होती. सिनेमा काढायला कॅमेरा लागतो आणि विलायती कॅमेरा घेण्याइतके पैसे नव्हते. मग त्यांनी ठरवलं की कॅमेरा आपणच बनवायचा. हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव गेले. बाबुरावांनी दामल्यांना सोबत घेऊन ते काम तडीस नेलं. कोल्हापूरच्या कारखान्यात तासून, कातून, जोडून कॅमेरा तयार झाला.

त्या कॅमेऱ्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला, १९२० साली. कीचकवधाच्या या मूकपटाला पुण्यात लोकांनी डोक्यावर घेतलं.

या काळातच दामल्यांची सवय घडली. यंत्र उघडायचं, कुठला दात कुठल्या चाकात बसतो ते बघायचं, बिघाड कुठं आहे ते एकेक भाग तपासत शोधायचं. कॉलेजची पदवी नव्हती, हातातली कला होती. याच कंपनीत त्यांना जन्माचा जोडीदार भेटला, शेख फत्तेलाल. सगळे त्यांना साहेबमामा म्हणायचे. कलेची, देखाव्यांची बाजू साहेबमामांची आणि यंत्राची बाजू दामल्यांची, अशी ही जोडी जमली. १९२८ साली दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला.

१ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच होते. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. प्रभातनं मूकपट काढायला सुरुवात केली, लोकांना ते आवडूही लागले. आणि दोन वर्षांत सगळा खेळच बदलला.

सिनेमा बोलू लागला आणि डोकेदुखी सुरू झाली

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. भारतातला पहिला बोलपट. लोकांनी गर्दी केली, पण पडद्यामागची कहाणी वेगळीच होती. या सिनेमाचं शूटिंग मध्यरात्रीनंतर करावं लागायचं. कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची आणि दिवसभर गाड्यांची धडधड मायक्रोफोनमध्ये शिरायची.

मूकपटाच्या काळात सेटवर कितीही गोंधळ चालायचा. दिग्दर्शक ओरडून सूचना द्यायचा, सुतार बाजूला खिळे ठोकायचे, कॅमेऱ्याची चक्की खडखडायची. फिल्मवर फक्त चित्र उमटायचं, त्यामुळं कुणाला फरक पडत नव्हता. मायक्रोफोन आला आणि सगळंच ऐकू जाऊ लागलं.

आपला कान मोठा हुशार असतो. चालू पंख्याचा आवाज आपण पाच मिनिटांत विसरतो. मायक्रोफोन विसरत नाही. त्याला नटाचा संवाद आणि पंख्याची घरघर यात फरकच कळत नाही.

त्या काळच्या बऱ्याच स्टुडिओंत प्रखर उजेडासाठी कार्बनचे आर्क दिवे असत. ते दिवे स्वतःच गुणगुणायचे आणि फुसफुसायचे. बोलपट आल्यावर हॉलिवूडमध्येही अनेक ठिकाणी असे दिवे बाजूला ठेवून तारेचे बल्ब आणावे लागले. कॅमेऱ्याच्या खडखडाटावर उपाय म्हणून तो सुरुवातीला बंद खोलीत कोंडला जायचा.

प्रभातला बोलपट काढायचा तर हे सगळं शिकायला हवं होतं. ध्वनिमुद्रण शिकवणारी शाळा तेव्हा आपल्याकडं नव्हती. पाच भागीदारांपैकी ही जबाबदारी आली विष्णुपंत दामल्यांकडं. ज्यांनी कॅमेरा खोलून-जोडून सिनेमा शिकला, ते आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आवाजाचं यंत्र शिकू लागले.

फिल्मवर आवाज उमटतो कसा?

इथं थोडं विज्ञान समजून घेऊ, म्हणजे दामल्यांसमोरचं काम किती किचकट होतं ते कळेल.

नट बोलतो. मायक्रोफोन त्या आवाजाचा विजेचा बारीक संकेत करतो. अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो. त्या संकेताप्रमाणं उजेड कमी-जास्त होतो आणि फिल्मच्या कडेला एक अरुंद पट्टी उमटते. यालाच ध्वनिपट्टी म्हणायचं. मग फिल्म रसायनात धुतली जाते आणि तिच्यावरून प्रिंट निघते.

थिएटरात याच्या उलटं घडतं. प्रोजेक्टरमधला एक छोटा दिवा त्या पट्टीवर उजेड टाकतो. पट्टीतून आरपार गेलेला उजेड फोटोसेलवर पडतो, त्याची वीज होते, अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि पडद्यामागच्या कर्ण्यातून आवाज येतो.

म्हणजे नटाच्या तोंडापासून प्रेक्षकाच्या कानापर्यंत एक लांबलचक साखळी आहे. आणि तिच्या प्रत्येक कडीत नको असलेला आवाज शिरू शकतो.

फिल्मवरचं चित्र चांदीच्या अतिसूक्ष्म कणांनी बनतं. ध्वनिपट्टीवरही तेच कण असतात. उजेड त्यांच्यातून जाताना किंचित थरथरतो आणि स्स्स् अशी हिस्स तयार होते. पट्टीवर धूळ बसली की कटकट. ओरखडा पडला की खरखर.

हमिंगचे उगमही बरेच. घरगुती वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. प्रोजेक्टरमधला तो छोटा दिवा थेट अशा विजेवर लावला तर त्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा किंचित कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फोटोसेलला दिसतं. झालं, कर्ण्यातून घूंऽऽ सुरू.

याहून गमतीशीर भानगड आहे फिल्मच्या कडेच्या भोकांची. ३५ मिलिमीटर फिल्मच्या प्रत्येक चित्राशेजारी प्रत्येक कडेला ४ भोकं असतात. बोलपटात सेकंदाला २४ चित्रं सरकतात. २४ गुणिले ४ म्हणजे ९६. आवाज वाचणारा उजेड जागेवरून जरा सरकून भोकांवर पडला, तर सेकंदाला ९६ वेळा फडफडतो आणि थिएटरभर एक जाडसर गुरगुर ऐकू येते. उजेड दुसऱ्या बाजूला, चित्रावर सरकला तर आणखी खालच्या पट्टीतली धडधड येते.

म्हणजे प्रेक्षकाला कळायचं एवढंच की आवाज खराब आहे. पण तो खराब का आहे, हे शोधणाऱ्याला विचारावं लागायचं की ही गुरगुर सेटवर शिरली, मशीनमध्ये शिरली, रसायनात शिरली की थिएटरात शिरली? प्रत्येकाचा इलाज वेगळा.

'अयोध्येचा राजा'

६ फेब्रुवारी १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट म्हणून त्याला मान मिळतो. दिग्दर्शन शांतारामांचं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं, तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. आणि ध्वनिमुद्रण दामल्यांचं. हाच सिनेमा हिंदीतही निघाला.

तेव्हा आजच्यासारखं आधी गाणं रेकॉर्ड करून नंतर त्यावर ओठ हलवायची पद्धत रुळलेली नव्हती. नटानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून गायचं आणि वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ द्यायची. एकाच दमात चित्रही आणि आवाजही. मध्ये कुणी खोकलं तर तो खोकलाही कायमचा सिनेमात. नंतर एका बटणानं तो पुसायची सोय नव्हती. त्यामुळं नको असलेला आवाज काढायचा एकच मार्ग होता. तो मुळात शिरूच द्यायचा नाही.

१९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली. एरंडवण्यात मोठा स्टुडिओ उभा राहिला. आजचा प्रभात रोड त्याच कंपनीच्या नावानं ओळखला जातो आणि त्या जागेत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ध्वनी विभागाचा पाया दामल्यांनी घातला होता आणि प्रभातच्या सिनेमांत संवाद, पद आणि संगीत या तिन्हींना जागा मिळू लागली.

जगभरातही हिस्सवर उपाय शोधणं चालू होतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक युक्ती निघाली. नट गप्प असतो तेव्हा ध्वनिपट्टीचा पारदर्शक भाग आपोआप अरुंद करायचा. जागाच कमी उरली की तिच्यावरची धूळ आणि कणांची थरथरही कमी ऐकू येते. बोलणं सुरू झालं की पट्टी पुन्हा रुंद. हिस्स सगळ्यात जास्त जाणवते ती शांततेत, म्हणून इलाज शांततेवरच केला.

आणि मग तुकोबा

१९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल जोडीनं 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. जिजाईच्या भूमिकेत गौरी. संगीत केशवराव भोळ्यांचं, गीतं शांताराम आठवल्यांची.

आठवल्यांनी लिहिलेलं एक पद इतकं अस्सल उतरलं की ते तुकोबांच्या गाथेतलंच आहे असं अनेकांना वाटलं.

या सिनेमात दामले दिग्दर्शकाच्या खुर्चीत होते, पण ध्वनिमुद्रकाचा कान कुठं जाणार? सिनेमा नीट ऐका. पागनीसांचा गळा पुढं आहे, टाळ आणि चिपळ्या मागं आहेत. जिजाईची बडबड आणि तुकोबांचं शांत बोलणं एकमेकांत मिसळत नाहीत. ज्या काळात मायक्रोफोन सगळंच सारख्या हावरटपणे गिळायचा, त्या काळात हे सोपं नव्हतं.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. फिरत्या टॉकीजनं तो गावोगावी पोचवला. तंबूत बसलेली माणसं पडद्यावरच्या तुकोबांना हात जोडत होती.

पुढं या जोडीनं १९३८ मध्ये बोलता 'गोपालकृष्ण' आणि १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' दिला. १९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. जुलै १९४५ मध्ये दामल्यांचं निधन झालं. वय अवघं बावन्न. त्यानंतर काही वर्षांत प्रभातही बंद पडली.

मग आज घरात येणारा आवाज कुणाचा?

आता परत बारामती-इंदापूरच्या त्या हॉलमध्ये येऊ.

'संत तुकाराम'ची जी प्रत आपण मोबाइल किंवा टीव्हीवर बघतो ती मूळ निगेटिव्ह नाही. ती प्रतीवरून काढलेली प्रत असते. प्रत्येक नव्या प्रतीत आधीचे ओरखडे आणि हिस्स जशीच्या तशी येते आणि वर नव्या प्रतीची स्वतःची हिस्स चढते. त्यात जुनी फिल्म नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणारी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसह अनेक जुन्या सिनेमांची मूळ रिळं जळून गेली. म्हणजे जे उरलंय तेच आपलं धन आहे, खरखरीसकट.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. १९३६ सालच्या थिएटरातले कर्णे फार वरच्या पट्टीतला आवाज नीट काढतच नसत. हिस्स राहते नेमकी त्याच वरच्या पट्टीत. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांना ही हिस्स आपल्याइतकी ऐकूच आली नाही. पुढं १९३८ मध्ये अमेरिकेत तर थिएटरांसाठी प्रमाणच ठरलं की वरच्या पट्ट्या मुद्दाम उतरवायच्या, म्हणजे फिल्मची हिस्स दबेल. आपल्या होम थिएटरचा छोटा ट्वीटर मात्र सगळं सांगून टाकतो. स्पीकर जितका चांगला, तितकी जुनी हिस्स स्पष्ट.

म्हणून आधी उगम शोधायचा. सिनेमा पॉज करा आणि आवाज थोडा वाढवा.

स्स्स् आणि खरखर थांबली, तर ती सिनेमाची होती. होम थिएटरला दोष देऊ नका. ट्रेबल थोडा कमी केलात तर ऐकायला बरं वाटेल आणि ते जुन्या थिएटरच्या आवाजाच्या जवळही जाईल. पण फार कमी करू नका, नाहीतर हिस्ससोबत चिपळ्यांची धार आणि पागनीसांच्या बोलण्यातले स, श सुद्धा निघून जातील.

पॉज केल्यावरही घूंऽऽ चालूच राहिलं, तर तो तुमच्या घरच्या वायरिंगचा प्रसाद आहे. मग साखळीतली एकेक कडी तपासा. अ‍ॅम्प्लिफायरला मागून जोडलेल्या केबल बंद करून एकेक काढा आणि पुन्हा चालू करून ऐका. ज्या केबलला हमिंग थांबेल, तिथं चोर आहे. बऱ्याचदा तो छतावरच्या डिशकडून सेट-टॉप बॉक्सला आलेल्या केबलमध्ये सापडतो. डिशची अर्थिंग वेगळी, घरातल्या प्लगची वेगळी, आणि दोन्हींतला किरकोळ फरक केबलच्या जाळीतून वाहत राहतो. टीव्ही, बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या, सिग्नलची केबल विजेच्या वायरपासून लांब न्या. निम्मे प्रश्न तिथंच सुटतात. आणि हमिंग घालवायला थ्री-पिनची अर्थिंगची पिन कधीच तोडू नका. हमिंग जाईल, पण शॉक लागला तर जीवही जाईल.

पॉजमध्ये घूंऽऽ नाही, नुसतीच स्स्स् राहत असेल, तर टीव्हीचा किंवा मोबाइलचा आवाज खूप कमी आणि अ‍ॅम्प्लिफायरचा खूप जास्त ठेवलाय का ते बघा. आधी मूळ यंत्राचा आवाज वाढवा, मग अ‍ॅम्प्लिफायरचा उतरवा.

दामल्यांनी आयुष्यभर ज्या पद्धतीनं काम केलं, ती यापेक्षा फार वेगळी नव्हती. साखळी समजून घ्यायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कान देऊन ऐकायचं.

घरातली घूंऽऽ एकदा बंद झाली की 'संत तुकाराम' पुन्हा सुरुवातीपासून लावा. थोडी खरखर राहीलच. ती नव्वद वर्षांच्या प्रवासाची आहे. तिच्या मागून पागनीसांचा गळा आजही स्वच्छ ऐकू येतो, आणि बाहेरच्या रस्त्यावरून दिंडी जात असेल तर टाळ घरातले कुठले आणि रस्त्यावरचे कुठले हे क्षणभर कळतही नाही.